लुपेची पट्टी

आपिया या बेटावरच्या शहरातल्या आपल्या घरी, भर दुपारी, इओसेफाने टॅबलेट संगणकाला जोडला. तंत्रशाळेत चाळीस वर्षे शिकवलेला हा माणूस प्रत्येक गोष्ट तपासून घेई. टॅबलेटच्या काचेवर प्रत्येक आवाजाची एक पट्टी होती; ती वर सरकवली की तो आवाज मोठा होई, खाली आणली की लहान.

संगणकात साठवलेल्या स्तोत्रात तीन आवाज होते: त्याचा, मुलगी सिएनीचा आणि गेल्या वर्षी वारलेल्या बायकोचा, लुपेचा. लुपेचे तेवढेच ध्वनिमुद्रण उरले होते. रविवारी ते चर्चमध्ये ऐकवायचे होते.

“बाबा, आईला मोठं करा हं!” स्वयंपाकघरात नारळ खवता खवता सिएनी ओरडली. “जिवंतपणी तुमच्या रेकण्यापुढे तिचं कुणाला ऐकूच आलं नाही!”

तो हसला. सिएनी तेच स्तोत्र गाऊ लागली.

तेवढ्यात लुपेची पट्टी आपोआप खाली येऊ लागली. त्याने तार काढली, पुन्हा जोडली. पट्टी उतरतच राहिली. संगणकात पाहिले, तर मूळ ध्वनिमुद्रणच पुसट होत चालले होते.

त्याने पट्टीवर बोट दाबले आणि ती नेटाने वर नेली. लुपेचा आवाज परतला.

मग शेजारची, सिएनीची पट्टी उतरू लागली.

स्वयंपाकघरातले गाणे बारीक होत होत विरले. नारळ खवण्याचा आवाज मात्र चालूच होता. थोड्या वेळाने तोही थांबला.

सिएनी दारात आली. तिचा हात गळ्यावर होता. ओठ ‘बाबा, बाबा’ म्हणत होते.

लुपे अगदी स्वच्छ गात होती. इओसेफाचे बोट काचेवरून उठेना.