शेळीला पाजलेली बाटली

हरिबानं बाटली उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली, उलटी करून बूड पाहिलं आणि विचारलं, "हिचं वय काय?"

येडशीच्या हमरस्त्यावरच्या वाइन शॉपमध्ये हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. दुकानदार धनाजीनं मान वाकडी करून बाटलीवरची तारीख वाचली. "पाच महिने, आबा."

"कवळी हाय," म्हणून हरिबानं ती खाली ठेवली. त्याची चाळीस वर्षं शेळ्यांच्या बाजारात गेली होती. दात बघितल्याशिवाय त्यानं कधी काही घेतलं नव्हतं आणि बाटलीला दात नसतात, इथंच सगळी पंचाईत होती. दारूला तर त्यानं जन्मात तोंड लावलं नव्हतं.

वसुबारसेची सकाळ होती. दुकान नुकतंच उघडलेलं, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. हरिबानं ही वेळ मुद्दाम साधली होती. गावातल्या कुणी त्याला इथं पाहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत बोंब झाली असती.

या सगळ्याचं कारण म्हणजे त्याचा जावई, मल्हार. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं मल्हारला सहा महिने बेल्जियमला पाठवलं होतं. येताना त्यानं तिथली बिअरची एक बाटली कपड्यांत गुंडाळून जपून आणली आणि दिवाळीला थेट सासुरवाडीला घेऊन आला. बाटली ओसरीवर ठेवून तो आत गेला. नेमकं त्याच वेळी हरिबाच्या दुभत्या शेळीचं पोट फुगलं. पोट फुगलेल्या शेळीला घोट-दोन घोट दारू पाजायची, ही त्याच्या बापापासूनची रीत. बाटली समोरच होती. त्यानं ती सगळी पाजली.

मल्हार बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन ग्लास होते.

"लागू पडली बरं का, जावईबापू," हरिबा कौतुकानं म्हणाला. जमलेले पाहुणे पोट धरून हसले. मल्हारही हसला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून गेला.

शेळी वाचली. जावई मात्र पुढच्या दोन्ही दिवाळ्यांना आला नाही. लेक मंजुषा एकटी यायची, "त्यांना सुट्टी न्हाय, आबा," म्हणायची आणि बापाच्या नजरेला नजर द्यायची नाही. हरिबाला ते फार लागायचं. काल तिचा फोन आला होता. यंदा दोघं येतोय, धनतेरसेला सकाळी पोहोचतो. पण जेवून दुपारच्या गाडीनं माघारी. हे सगळं त्यानं दुकानात पाय ठेवताच धनाजीला सांगून टाकलं होतं.

"ह्या म्या पवनचक्कीवरच्या इंजिनेरांसाठी मागवतो," धनाजी एकेक बाटली पुढं करत म्हणाला. "ही जर्मनीची, हलकी. ही पण तिकडचीच, पर गव्हाची. जरा गढूळ दिसती. ही झेकची, कडू. आन ही बेल्जियमची. तिकडं मठातले साधू बनवत्यात म्हणं."

हरिबाचा हात थांबला. "साधू?"

"व्हय."

"आन पेत्यात बी?"

"ते म्या इचारलं न्हाय, आबा. कुठली देऊ?"

"चारी दे. एक एक."

"पाव्हणं दुपारच्या गाडीनं जाणार म्हणालात नव्हं? एका जेवणाला चार लई हुतील."

"एका जेवणाला कोण देतंय?" हरिबानं चारही बाटल्या काउंटरवर ओळीनं उभ्या केल्या, बाजारात शेळ्या उभ्या करतात तशा. "उद्या ही हलकी. पयल्या आंघोळीच्या दिवशी कडू. कडू एकदाचं लवकर उरकलेलं बरं. लक्ष्मीपूजनाला न्हाय, त्या दिवशी बासुंदी. पाडव्याला साधूंची. भाऊबीजेला मंजू भावाला ओवाळत बसंल, जावई मोकळा. तवा त्याला ही गव्हाची."

धनाजी बोटांवर मोजत राहिला. धनतेरस ते भाऊबीज, पाच दिवस भरले.

"आन थांबलेच न्हाईत तर?"

हरिबानं ओळीतली एक बाटली जरा सरळ केली. रात्रभर त्याला याच गोष्टीची धास्ती होती आणि ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको होती.

"म्या काय हात धरून ठिवणार हाय व्हय?" तो बारीक आवाजात म्हणाला. "समोर मांडीन. कवा कुठली, ते सांगीन. पुढं त्याच्या मनावर."

धनाजीनं बाटल्या जुन्या पेपरात गुंडाळून दिल्या. हरिबानं खांद्यावरची घोंगडी काउंटरवर पसरली, एकेक बाटली घडीत ठेवली आणि एकमेकींवर आपटणार नाहीत अशी गाठ मारली. गाठोडं पोटाशी धरून तो पायऱ्या उतरला. रस्त्यापर्यंत गेला, तिथं जरा उभा राहिला आणि परत आला.

"ती हलकी आणखी एक दे."

"दिवसाला एकच म्हणालात की."

"एकच. माणशी."

धनाजीनं फ्रीजच्या दारावरचा हात तसाच ठेवून मागं पाहिलं. "तुमी पिणार, आबा?"

हरिबा खाली बघून घोंगडीची गाठ सोडत होता. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागत होता.

"त्या दिवशी त्याच्या हातात गिलास दोन हुते, धनाजी."