काठोकाठ

"अगं, हँडल अजून थरथरतंय!" गॅरेजच्या दारात गाडी लावत बाबा म्हणाले. महिन्याभरातली ही चौथी खेप होती.

नुसता तळवा टेकवून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगणारा हा माणूस. चाळीस वर्षं चालवलेलं गॅरेज त्यांनी आता लेकीच्या हाती सोपवलं होतं. तिने जंग जंग पछाडलं होतं. इंजिनखालची रबरं बदलून झाली, चाकं बॅलन्स करून झाली, एकूण एक बोल्ट आवळून झाला.

"थरथर डोळ्यांनी नाही, हाताने शोधायची असते. किती वेळा सांगू?" बाबा करवादले आणि हात धुवायला मागे गेले.

तेवढ्यात तिने बाबांनीच शिकवलेली परीक्षा घेतली. गाडी स्टँडवर चालू केली, त्यांच्यासाठी आणलेला चहा कपात काठोकाठ ओतून सीटवर ठेवला आणि ॲक्सिलरेटर पिळला. एक थेंबही सांडला नाही. तिने गाडी बंद केली.

बाबा हात पुसत आले. "सापडली का?"

"हो बाबा, आहे थोडी. तुमचंच बरोबर होतं. उद्यापर्यंत काढते."

"बघ! या हाताला अजून सगळं कळतं," बाबा खुलले.



तिने सीटवरचा कप उचलला, पाठ फिरवून रोजच्यासारखा अर्धा चहा ओतून टाकला आणि मगच तो बाबांच्या हातात दिला, तरी सांडलाच.