आईच्या बाजूचा वारा

डोळे अधू झाल्यावर डॅडींनी ट्रकची किल्ली माझ्याकडे दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसायला लागले. ओडेसातला ऑगस्ट, म्हणजे रणरणता उन्हाळा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं डोकं खाल्लं. "डार्लीन, या बाजूला एसीचा वारा लागतच नाही. बघ जरा, माणूस भाजून निघतो इथे!"

त्या सीटवर आधी आई बसायची. तीही हेच म्हणायची. तेव्हा डॅडींचं उत्तर ठरलेलं, "ट्रक जुना झालाय, व्हर्ना." मग ती चर्चमध्ये मिळालेला पुठ्ठ्याचा पंखा हलवत बसायची. मरेपर्यंत.

ट्रक दारात लावून मी डॅशबोर्डचा खण रिकामा केला. पंखा अजून तिथेच होता. खण उचकटून मागच्या एसीच्या नळीत हात घातला, तर घट्ट कोंबलेलं कापड लागलं. ओढून काढलं. डॅडींचा तेलविहिरीवरच्या कामाचा, अर्धा फाडलेला शर्ट, खिशावर त्यांचं नाव शिवलेला.

"डॅडी, तुमचा शर्ट इथे कसा?"

"अरेच्चा, विसरलोच होतो बघ!" ते खुशीत हसले. "मीच कोंबला होता. दोघांना पुरेल इतका वारा येत नव्हता, आणि गाडी तर मी चालवायचो. दे आता फेकून."

मी शर्ट होता तिथे परत कोंबला, खण बसवला आणि आईचा पंखा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ट्रक जुना झालाय, डॅडी."