अर्धं गाऱ्हाणं

परवाच बोटीने मुंबईहून आलेला गुरुदास पाय घसरून देवळाच्या विहिरीत पडला आणि गटांगळ्या खाऊ लागला. सगळी वाडी धावली, पण काय करावं ते कुणालाच सुचेना. मग वाडीचे मानकरी भिकाजी गावकारांनी नारळ मागवला आणि देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी हात जोडून ओरडली.

गाऱ्हाणं अजून वेशीवरच्या देवापर्यंतच पोचलं होतं. गुरुदासचं नाव यायला अजून बराच अवकाश होता. तेवढ्यात बैलासाठी घेतलेला नवा दोर खांद्यावर टाकून ख्रिस्ती शेतकरी पेद्रू तिथे आला. विहिरीतून माणूस काढायचं काम त्याने जन्मात केलं नव्हतं, आणि मदतीला बोलवावं तर सगळ्यांचेच हात जोडलेले. त्याने दोराचं एक टोक माडाला बांधलं, दुसरं खाली गुरुदासच्या हातात सोडलं आणि सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, नाव घेत एकट्याने गुरुदासला वर ओढलं.

गावकार लालबुंद झाले. "पेद्रू, गाऱ्हाणा अर्ध्यार तोडलंस! आता देव कोपलो तर?"

मग ओल्याचिंब गुरुदासकडे वळून ते मायेने म्हणाले, "झिला, वायच परत खाली उतर. गाऱ्हाणा पुरा करतव, मगे वर ये."



"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली.