आठ जाकिटांतला ताप

ओतशाळेतल्या आठ कामगारांची जाकिटं एकमेकांना बिनतारी जोडलेली होती. भट्टीजवळच्या माणसाच्या अंगातली उष्णता लांब उभ्या असलेल्यांतही वाटली जायची, त्यामुळे वितळलेल्या लोखंडाशेजारीसुद्धा कुणाला फारसं उकडत नसे. आज मात्र सगळेच घामाघूम झाले होते.

“कुणाला ताप हाय रं?” केरबा मिस्त्रींनी विचारलं.

अब्बासने एकेकाच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि सिदरामपाशी थांबला. “ह्यो बघा चोर! भट्टीला लाजवतोय.”

सिदराम खाली बघत म्हणाला, “घरी पत्र्याखाली भाजून निघतोय, मिस्त्री. जाकीट काय फाटकाबाहेर नेता येत न्हाई. म्हणून कामावर आलो.”

आजारी माणसाचं जाकीट बाकीच्यांपासून तोडून त्याला घरी पाठवायचं, असा नियम होता. मिस्त्रींनी त्याच्या जाकिटाची जोडणी तोडणाऱ्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच मागे घेतलं.

“त्या वाळूच्या पोत्यांवर पड जा. जाकीट काढू नगंस.”

“आन् आम्ही उकडून मरू व्हय?” असं म्हणत अब्बास सिदरामच्या जागेवर, भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात जणांचे शर्ट भिजून गेले होते आणि सिदराम घोरत होता.