अरबस्तानातून आलेली धूळ

डॉ. मृणालिनी राजाध्यक्षांनी गाडीच्या काचेवरून बोट फिरवलं. बोटाला पिवळसर धूळ लागली.

वाळवंटी धुळीच्या अभ्यासात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. अरबस्तानात उठलेलं हे वादळ समुद्रावरच विरेल, असं त्यांनी बैठकीत ठामपणे सांगितलं होतं. नुकतीच हवामान संस्थेत आलेली अन्विता मात्र ऐकेना. "मॅडम, धूळ पुण्यापर्यंत येईल. दम्याच्या रुग्णांना आधीच सावध करू या." तिनं विभागाच्या नावानं तसा इशाराही दिला. तेव्हापासून मृणालिनीबाई आकाश स्वच्छ राहावं म्हणून मनोमन प्रार्थना करत होत्या.

केबिनमध्ये शिरताच फोन वाजला. वार्ताहर होता. "मॅडम, तुमच्या विभागाचा अंदाज अचूक ठरला! तुमचाच ना?"

अन्विता अजून आली नव्हती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. उद्या पेपरात तिचा हसरा फोटो छापून येईल, या कल्पनेनंच त्यांचा जळफळाट होत होता.

"नाही. अन्विता सबनीसचा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आणि तुमचा अंदाज काय होता?"

हेवा तसूभरही कमी झाला नव्हता.

"माझा चुकला," त्या म्हणाल्या. "तेही छापा."