वरची ओळ

फ्लेक्सवर दर्शनाचा चेहरा जेवढा होता, त्याच्या दुप्पट काळुराम शेठचा होता. सत्कार कुणाचाही असो, फ्लेक्सवर मान लावणाऱ्याचाच.

"बघ गो पोरी, कसा वाटतंय?" शेठने विचारलं. ठाकुर्लीतल्या त्या छपाईच्या दुकानातली एकुलती एक खुर्ची त्यांनी अडवली होती. दुकान मयूरचं, म्हणजे दर्शनाच्या मावसभावाचं. तो कॉम्प्युटरसमोर स्टुलावर अंग चोरून बसला होता.

दर्शनाने स्क्रीनवरचं वाचलं. ‘हार्दिक अभिनंदन! हरहुन्नरी लेखिका, गायिका, ढोलकीवादक, आपल्या गावची लेक कु. दर्शना.’ खाली मांडीवर ढोलकी घेऊन हसणारा तिचा फोटो. तिच्या गोष्टींच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला होता. उद्या संध्याकाळी नौपाड्यातल्या सभागृहात तो घ्यायचा आणि मग स्वतः रचलेली गाणी गायची, असा बेत होता. पंचविशीत एवढं करणारी मुलगी गावात पहिलीच. गाव खूश होतं. खरं सांगायचं तर शेठही खूश होते, एका गाण्याचं सोडून.

"छान आहे, काका."

"मंग? आपली पोर हाय. सगल्या चौकांत लावनार." शेठने बडीशेप तोंडात टाकली. "उद्या काय पन गा. त्ये खाडीचं तेवढं नको."

खाडीचं गाणं तिने धवल्याच्या चालीवर बांधलं होतं. गावच्या लग्नात धवले गाणारी बाई मांडवातल्या माणसांची नावं घेत घेत पुढे जाते. दर्शनाच्या गाण्यात खारफुटी तोडून, डंपरने भराव ओतून खाडी बुजवणाऱ्याचं नाव येत होतं. एकच नाव होतं आणि ते समोरच्या खुर्चीत बडीशेप चघळत होतं.

"गाणं नको, की नाव नको?"

"हुशार हायस." शेठ हसले. "नाव काढ, मंग गा."

"नाव घेतल्याशिवाय धवला पुरा होत नाही, काका. तुमच्या लग्नात माझ्या आजीनेच तुमचं घेतलेलं."

मयूरचा माउसवरचा हात थांबला. शेठचं हसू मात्र तसंच राहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते उठले. दुकानाच्या दाराशी उन्हाला आडोसा म्हणून एक जुना फ्लेक्स बांधला होता. त्यावर गॉगल लावलेला साईनाथ हसत होता. वाढदिवसाचा फ्लेक्स. याच साईनाथने खाडीवर जाऊन डंपर अडवले होते. पुढे तो खाडीतच सापडला, तेव्हा श्रद्धांजलीचा फ्लेक्सही मयूरने याच फोटोवर केला. घाईत दुसरा फोटो कुठून आणणार? वाढदिवसाला शुभेच्छुक काळुराम शेठ, श्रद्धांजलीला शोकाकुल काळुराम शेठ.

आडोशाची एक दोरी सुटली होती. शेठने ती ओढून नीट गाठ मारली.

"ऊन येतंय आत," ते म्हणाले. "मयूर, सांगितलंय तसं काढ. दोन."

गाडी गेल्याचा आवाज आला. मयूरने मशीन सुरू केलं. दर्शना तिथेच उभी होती. पहिला फ्लेक्स निघून जमिनीवर पसरला, तरी मशीन थांबलं नाही.

"दुसरा कशाला रे?"

मयूरने वर पाहिलं नाही. "फोटो तोच आहे. वरची ओळ मोकळी ठेवायला सांगितलंय."

"आणि तू ठेवलीस?"

"दर्शे, काढ ना गं नाव. एका नावाने तुझं काय जातंय?"

दुसरा फ्लेक्स निघू लागला. आधी पांढरी पट्टी आली, नुसती पांढरी. मग केस आले, कपाळ आलं, डोळे आले. दर्शना भ्यायली होती. ढोलकीवर तासन्तास चालणाऱ्या तिच्या तळहातांना घाम फुटला होता. ते तिने ओढणीला पुसले आणि फ्लेक्सवर तोंड उमटायच्या आत खड्या आवाजात खाडीचं गाणं सुरू केलं.

नावाची ओळ जवळ आली, तसा मयूर धावत गेला आणि त्याने दुकानाचं शटर खाली ओढलं. मशीन मात्र त्याने बंद केलं नाही.